संशोधन जमतं, पण सांगता येतं का? नव्या संशोधकांसाठी पायरी-पायरीने

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने एक साधा नियम लावला: शवविच्छेदन करून आलेल्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला तपासायचं नाही. त्या विभागात एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या; जूनमध्ये हा आकडा दोनच्या आसपास आला. इतका ढळढळीत निकाल हाती असूनही सेमेलवाइसचं सविस्तर पुस्तक आलं ते थेट १८६१ साली. मधल्या काळात त्याची बाजू मुख्यतः मित्रांनी मांडली. पुढे तर त्याने विरोधकांना उघड पत्रं लिहून खुनी ठरवलं, आणि जे थोडेफार ऐकायला तयार होते तेही दुरावले. सगळा दोष त्याच्या लेखणीचा नव्हता. जंतूंचा सिद्धांत तेव्हा रुजायचा होता आणि डॉक्टरांचा अहंकारही आडवा आला. पण वेळेवर आणि नीट सांगणं एवढी एक गोष्ट त्याच्या हातात होती, आणि नेमकी तीच राहून गेली.

संवादकौशल्य म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे व्यासपीठ येतं. माझं मत वेगळं आहे. नव्या संशोधकाचं नाव होतं किंवा बिघडतं ते रोजच्या बारीकसारीक लिखाणातून: ईमेल, मीटिंगचं टिपण, आकृतीखालची ओळ, रिव्ह्यूअरला (छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला) दिलेलं उत्तर. या सगळ्याला एकच प्रश्न लावायचा. हे वाचून समोरच्याने काय करावं असं मला वाटतंय? उत्तर सुचत नसेल तर लिहायला बसण्याची वेळ अजून आलेली नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती फिरतात.

पायरी १: आपलं काम दोन-तीन वाक्यांत बसवा

‘तुम्ही नेमकं काय करता?’ हा प्रश्न जेवणाच्या रांगेत, मुलाखतीत, लिफ्टमध्ये कुठेही येतो. त्याचं उत्तर तयार हवं. नवखे लोक साधारण असं सांगतात:

‘प्रस्तुत संशोधनात नायट्रोजनयुक्त खतांच्या दीर्घकालीन वापराचे मृदेतील सूक्ष्मजीवांच्या वैविध्यावर होणारे परिणाम अभ्यासण्यात आले.’

वाक्य शुद्ध आहे, पण हाती काहीच लागत नाही. विषय कळला, काय सापडलं ते कळलं नाही. आता हे वाचा:

‘वर्षानुवर्षं नायट्रोजनचं खत पडलेल्या मातीत जिवाणूंच्या जाती कमी होतात हे माहीत होतं. खत थांबवल्यावर त्या परततात का, हे माहीत नव्हतं. आम्ही पाच वर्षं मोजत राहिलो, निम्म्याच परतल्या.’

(उदाहरण रचलेलं आहे, आकडे खरे धरू नका.) यात काय माहीत होतं, काय नव्हतं, आम्ही काय केलं आणि काय निघालं, एवढंच आहे. ही चार घरं भरा, मोठ्याने म्हणून बघा, अडखळाल तो शब्द काढून टाका. मग याचीच एक मिनिटाची आणि तीन मिनिटांची आवृत्ती करा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘थ्री मिनिट थीसिस’ ही स्पर्धा सुरू केली. आता ती अनेक देशांत होते. तीन मिनिटं, एकच स्थिर स्लाइड, बाकी काही नाही. भाग घेतला नाहीत तरी चालेल, पण तयारी जरूर करा. स्वतःच्या प्रबंधाला मुळात प्रश्नच नाही हे कित्येकांना तिथेच उमगतं.

पायरी २: गाईडशी बोलणं कागदावर आणा

मीटिंगच्या आदल्या दिवशी तीन ओळी पाठवा: गेल्या आठवड्यात काय झालं, कुठे अडलंय, आणि तुमच्याकडून कोणता निर्णय हवाय. तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि गाळली जाते तीच. निर्णय मागितला नाही की मीटिंग गप्पांवर निभावते. मीटिंग संपली की त्याच दिवशी ‘आपलं असं ठरलं’ म्हणून चार ओळींचा ईमेल टाका. तोंडी ठरलेलं दोघांच्या डोक्यात दोन तऱ्हेने राहतं, आणि सहा महिन्यांनी वाद झाला तर नुकसान ज्युनिअरचंच होतं.

वाईट बातमी लवकर सांगा. कंट्रोलच (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) चालत नसेल तर ते गाईडला तिसऱ्या आठवड्यात कळलेलं बरं, तिसऱ्या वर्षी नव्हे.

पायरी ३: अनोळखी संशोधकाला ईमेल

‘तुमच्या कार्याने मी अत्यंत प्रभावित झालो आहे, कृपया मार्गदर्शन करावे’ असे ईमेल नावाजलेल्या लोकांना ढिगाने येतात आणि तिथेच पडून राहतात. ‘मार्गदर्शन’ म्हणजे काय करायचं हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्याऐवजी असं काही:

‘विषय: तुमच्या प्रोटीन शुद्धीकरणाच्या पद्धतीबद्दल एक प्रश्न

नमस्कार मॅडम,
मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या गेल्या वर्षीच्या पेपरमधली शुद्धीकरणाची पद्धत वापरतो आहे. शेवटच्या टप्प्यात माझं प्रोटीन साका होऊन तळाशी बसतं. मिठाचं प्रमाण १५० वरून ३०० मिलिमोलर करून पाहिलं, सगळं काम ४ अंश सेल्सिअसला केलं, फरक पडला नाही. त्या टप्प्यावर तुम्ही बफरमध्ये ग्लिसरॉल घातलं होतं का? पेपरमध्ये उल्लेख सापडला नाही. हो की नाही एवढं कळवलंत तरी माझं काम होईल.’

नीट बघा. पेपर वाचलाय हे सांगायची गरजच पडली नाही, प्रश्नातूनच दिसलं. आधी काय करून पाहिलं ते आलं. विनंती एकच आहे आणि तिचं उत्तर फोनवरून अर्ध्या मिनिटात देता येतं. पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी) लिहिताना सांगाडा हाच: तुमच्या लॅबचा अमुक प्रश्न, त्यासाठी माझ्याकडे असलेलं तमुक तंत्र, सीव्ही जोडलाय, या विषयावर वीस मिनिटं बोलता येईल का. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एक आठवण. एकच. त्यानंतर नाद सोडा. लोक ईमेल टाळतात त्याचं कारण बहुधा तुम्ही नसता, त्यांचं भरलेलं कॅलेंडर असतं.

पायरी ४: पेपर उलट्या क्रमाने लिहा

पेपर छापला जातो प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा या क्रमाने. लिहायचा मात्र त्या क्रमाने नाही. आधी आकृत्या तयार करून टेबलावर मांडा आणि गोष्ट पुढे सरकते का बघा. मग पद्धती लिहा (प्रयोग चालू असतानाच लिहिल्या तर उत्तम), त्यानंतर निष्कर्ष, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट (सारांश) व शीर्षक सर्वांत शेवटी. कोरी प्रस्तावना उघडून महिनाभर तिच्याकडे बघत बसलेले लोक प्रत्येक लॅबमध्ये सापडतात.

वाचणारा शीर्षक बघतो, पटलं तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट, मग आकृत्या. बरेच जण तिथेच थांबतात. म्हणून प्रत्येक आकृती एकटी ठेवली तरी बोलली पाहिजे. अक्षांना नावं आणि एककं द्या, नमुने किती ते लिहा, आणि बिंदूंवरच्या उभ्या रेघा (एरर बार) प्रमाण विचलनाच्या आहेत, प्रमाण त्रुटीच्या की विश्वास अंतराच्या, हे सांगा. तिन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि न सांगता सोडून देणं ही लबाडी समजली जाऊ शकते. रंगांच्या बाबतीत तांबडा-हिरवा जोडी टाळा. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला हे दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत. इंद्रधनुष्यी रंगपट्टीपेक्षा ‘व्हिरिडिस’सारखी पट्टी बरी, ती काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्येही वाचता येते.

आणि सरासरीवर विसंबण्याआधी बिंदू काढून बघा. फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम यांनी १९७३ साली प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांची सरासरी, विचरण (आकड्यांचा पसारा) आणि सहसंबंध जवळजवळ तंतोतंत सारखे. पण आलेख काढला तर एक सरळ रेषेजवळचा, एक कमान, एकात एकच बिंदू वाट चुकलेला, आणि एकात दहा बिंदू उभ्या ओळीत व अकरावा एकटा लांब. हे चार आलेख एकदा स्वतः काढून बघा. तासाभराचं काम आहे.

लेखकांच्या नावांचा प्रश्न प्रयोग सुरू करतानाच काढा, पेपर पाठवताना नव्हे. अवघड वाटतं, पण ‘या कामात कोणाचं नाव कुठे येईल, याचा आत्ता अंदाज घेऊया का?’ एवढं एक वाक्य पुरतं. टेकायला आधारही आहे. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा चिकित्सकपणे सुधारण्यात सहभाग, अंतिम मजकुराला मान्यता, आणि कामाबद्दल उत्तरदायी राहण्याची तयारी. चारही हवेत. नुसता निधी मिळवणं किंवा विभागप्रमुख असणं यात बसत नाही. त्यांचं स्थान ऋणनिर्देशात. याशिवाय ‘क्रेडिट’ नावाची चौदा भूमिकांची यादी आहे, संकल्पनेपासून सॉफ्टवेअरपर्यंत. कोणी काय केलं हे बरीच जर्नलं आता त्या यादीतून छापतात. मधल्या क्रमांकावरच्या विद्यार्थ्याने खरं काय केलं, ते निदान त्यात तरी दिसतं.

जर्नल निवडताना एवढं बघा: त्यातले पेपर तुम्ही स्वतः वाचता का? संपादक मंडळावरची माणसं खरी आहेत का? शुल्क किती ते आधी उघड लिहिलंय का? खुशामतीचा ईमेल पाठवून आठवड्याभरात छापतो म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. प्रीप्रिंटचा, म्हणजे रिव्ह्यूआधीच पेपर सर्वांसाठी ऑनलाइन टाकण्याचा, मार्गही आहे: भौतिकशास्त्र आणि गणितासाठी ‘अर्काइव्ह’ १९९१ पासून, जीवशास्त्रासाठी ‘बायोअर्काइव्ह’ २०१३ पासून. टाकण्याआधी सहलेखकांची संमती घ्या आणि जर्नलचं धोरण वाचा.

पायरी ५: रिव्ह्यू आला की

वाचा, लॅपटॉप मिटा, उत्तर उद्या द्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुद्दा वेगळ्या परिच्छेदात कॉपी करा. त्याखाली तुमचं उत्तर, आणि त्याखाली मजकुरात बदल कुठे केला त्याचा पान-ओळ क्रमांक. ‘बदल केला आहे’ एवढंच लिहू नका, बदललेलं वाक्य तिथेच उतरवा. संपादकाला दोन फाइली उघडून शोधाशोध करायला लावली की त्याची चीड तुमच्या खात्यात जमा होते.

रिव्ह्यूअरला मुद्दा समजला नसेल तर ‘आपल्याला समजलेलं नाही’ असं कधीच लिहू नका. ‘आमचं वाक्य संदिग्ध होतं, ते असं बदललं’ असं लिहा. हा निव्वळ विनय नाही. रिव्ह्यूअरने निदान तुमचा पेपर लक्ष देऊन वाचला; बाकीचे तेवढंही वाचणार नाहीत. प्रत्येक मागणी मान्य करायलाच हवी असंही नाही. नवा प्रयोग या पेपरच्या प्रश्नाबाहेरचा असेल तर तसं म्हणा, कारण द्या, आणि मर्यादा चर्चेत एका वाक्यात कबूल करा. सगळ्याच मुद्द्यांवर भांडलात तर मात्र एकही पदरात पडणार नाही.

पायरी ६: स्लाइड आणि पोस्टर

२००३ सालच्या जानेवारीत कोलंबिया अंतराळयान उडताना फोमचा एक तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोका किती याचं विश्लेषण स्लाइडवरून मांडलं. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता: चाचण्यांची आकडेवारी सुरक्षित बाजूला झुकते, अशा अर्थाचा. सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती तळाला, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात: चाचणीतला तुकडा ३ घनइंचांचा, आणि निखळलेला अंदाजे १९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. अपघाताच्या चौकशी मंडळाने आपल्या अहवालात याच स्लाइडची चिरफाड केली आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवलं.

तुमच्या स्लाइडवर कोणाचा जीव अवलंबून नसेल, पण नियम तोच. मथळ्यात विषय नको, विधान हवं. ‘तापमानाचा परिणाम’ नव्हे. ‘४० अंशांपुढे एन्झाइम निकामी होतं’. आणि तुमच्या निष्कर्षाला धोका असणारी गोष्ट छोट्या अक्षरात लपवू नका. एका स्लाइडवर एक मुद्दा. बारा मिनिटं मिळाली असतील तर दहाची तयारी करा. वेळ ओलांडणाऱ्याचं शास्त्र कितीही चांगलं असलं तरी श्रोत्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं. फॉन्टची चिंता मात्र फार करू नका. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या युरोपीय भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याची घोषणा झाली, तेव्हा तिथल्या अ‍ॅटलास या संशोधकगटाच्या स्लाइड ‘कॉमिक सान्स’मध्ये होत्या. जगभर चेष्टा झाली, कणाला काही फरक पडला नाही.

प्रश्न आला की आधी तो तुमच्या शब्दांत परत म्हणा: मागच्यांना ऐकू जातो आणि तुम्हाला विचार करायला पाच सेकंद मिळतात. उत्तर येत नसेल तर ‘हे आम्ही मोजलेलं नाही, मोजायचं तर असं मोजता येईल’ म्हणून थांबा. थांबायचंच, पुढे बोलत राहिलात की घसरता.

पोस्टर ए-शून्य आकाराचं, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, असलं म्हणून त्यावर आख्खा पेपर चिकटवायचा नसतो. मुख्य निष्कर्ष दहा फुटांवरून वाचता यावा. कोणी जवळ आलं की ‘समजावून सांगू का?’ ऐवजी ‘तुमचं काम कशावर आहे?’ असं विचारा आणि मग पहिल्या पायरीतली एक मिनिटाची आवृत्ती त्यांच्या बाजूने वळवून सांगा.

पायरी ७: ओळखी आणि शिफारसपत्रं

‘नेटवर्किंग’ हा शब्द ऐकला की लाजाळू माणसाच्या पोटात गोळा येतो. त्यांच्यासाठी एक खरी गोष्ट. कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांची ओळख १९९० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या झेरॉक्स मशीनपाशी झाली. दोघेही पेपरच्या प्रती काढायला तिथे यायचे. कारिको यांच्याकडे आरएनए बनवण्याचं कसब होतं आणि वाइसमन यांना लसीसाठी नवा मार्ग हवा होता. २००५ साली दोघांचा बदललेल्या न्यूक्लिओसाइडांवरचा (आरएनएच्या घटकांवरचा) पेपर ‘इम्युनिटी’ या जर्नलमध्ये आला, तोही एका अधिक नामांकित जर्नलने परत पाठवल्यावर. तेव्हा फारसं कोणी दखल घेतली नाही. २०२३ साली त्याच कामासाठी दोघांना नोबेल मिळालं. ओळख म्हणजे कॉकटेल पार्टीत व्हिजिटिंग कार्ड वाटणं नव्हे. आपल्याला काय येतं आणि आपलं काय अडलंय, हे शेजारच्याला माहीत असणं.

शिफारसपत्र मागताना किमान तीन-चार आठवडे आधी सांगा आणि असं विचारा: ‘माझ्यासाठी ठोस, चांगलं पत्र लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?’ समोरचा घुटमळला तर दुसरा माणूस बघा, कारण कोमट पत्र नसलेल्या पत्राहून वाईट. होकार आला की एकाच ईमेलमध्ये सीव्ही, अर्जाचा मजकूर, शेवटची तारीख आणि त्यांच्यासोबत केलेल्या कामातले आठवणीत राहावेत असे तीन प्रसंग पाठवा. लिहिणाऱ्याचे कष्ट वाचतात आणि पत्र नेमकं होतं. निकाल काहीही लागो, कळवा. बहुतेक जण कळवत नाहीत.

पायरी ८: सीव्ही आणि अकादमीबाहेरची दारं

आजच ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढा. २०१२ पासून मिळतो, सोळा अंकी, फुकट. तुमच्याच नावाचे दहा संशोधक असले तरी तुमचे पेपर तुमच्याच नावावर राहतात. एच-निर्देशांक (किती पेपरांना प्रत्येकी किमान तितकेच संदर्भ मिळाले तो आकडा) होर्हे हिर्श यांनी २००५ साली सुचवला. नवख्या माणसाला तो जवळजवळ निरुपयोगी, कारण संदर्भ जमायला वर्षं लागतात. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) जर्नलचा असतो, तुमचा नव्हे. संशोधकाचं मोल त्यावरून करू नये असं म्हणणारा ‘डोरा’ जाहीरनामा २०१३ साली निघाला आणि अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या. सगळ्या निवड समित्या तसं वागतात असं मात्र समजू नका.

सीव्हीत ‘पीसीआर, पायथन, मायक्रोस्कोपी’ अशी यादी देण्यापेक्षा त्यांनी काय साधलं ते लिहा: ‘पायथनमध्ये विश्लेषणाचा प्रोग्राम लिहिला; दोन दिवसांचं मोजमाप एका तासावर आलं.’ पीएचडी करणाऱ्यांच्या मानाने कायमस्वरूपी प्राध्यापकपदं बहुतेक देशांत फार कमी आहेत. त्यामुळे उद्योग, पेटंट, विज्ञान धोरण, डेटा, संपादन ही दारं शेवटच्या वर्षी नाईलाज म्हणून नव्हे, दुसऱ्या वर्षीच उघडून बघावीत. तिथे काम करणाऱ्या तीन-चार जणांशी बोला आणि ‘मंगळवारी सकाळी तुम्ही नेमकं काय करत होता?’ असं विचारा. हुद्द्यापेक्षा हे उत्तर जास्त सांगतं. उद्योगासाठी सीव्ही दोन पानांत, पेपरांची यादी शेवटी.

पायरी ९: पत्रकाराचा फोन

आधी विचारा: बातमी कशाबद्दल, डेडलाइन कधी, अजून कोणाशी बोलताय. मग थोडा वेळ मागून घ्या आणि दोन वाक्यं लिहून ठेवा. आकड्यांची काळजी घ्या. दहा हजारांत दोघांना होणारा आजार तिघांना झाला तर ‘धोका ५० टक्क्यांनी वाढला’ हे खरंच आहे, आणि मथळा तोच होणार. म्हणून टक्के बोलूच नका. ‘दहा हजारांत दोनाचे तीन’ असं तुम्हीच म्हणा आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा. उंदरांवरचा प्रयोग असेल तर पहिल्याच वाक्यात उंदीर आला पाहिजे. पूर्ण लेख छापण्याआधी दाखवायला पत्रकार सहसा तयार नसतात, पण तुमच्या तोंडची वाक्यं आणि आकडे एकदा वाचून दाखवाल का, असं विचारलं तर बरेच जण हो म्हणतात. विषय तुमच्या शाखेबाहेर गेला तर मत देण्याऐवजी त्या शाखेतल्या एखाद्या संशोधकाचं नाव सुचवा.